राग किती वाजता येतो?

"ताई, माह्या पोराच्या गालावर माहे बोटं उमटले."

केसपेपरवर यातलं काहीच नव्हतं. तिथं लिहिलं होतं: डोकेदुखी, अंगाची आग, झोप नाही, तीन महिन्यांपासून. डोळे तपासून झाले होते, गोळ्या बदलून झाल्या होत्या, 'टेन्शन घेत जाऊ नका' हेही कुणीतरी सांगून झालं होतं. माझ्यासमोर बसून अर्धा तास ती फक्त डोक्याबद्दल बोलली. हे वाक्य आलं ते उठताना, पदर खोचताना, माझ्याकडे पाठ करून. चार वर्षांचा मुलगा कडेवर होता. एका हातात अर्धा खाल्लेला आलुबोंडा, दुसऱ्या हातात तिच्या गळ्यातली पोत घट्ट धरलेली. ज्या हातानं मार बसला होता, त्याच हातावर तो बसला होता.

मी तिला परत बसवलं. तेव्हापासून भेटीची शेवटची दहा मिनिटं मी मोकळी ठेवते. बाई खरी गोष्ट उठतानाच सांगते.

वर्धा जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. आठवड्यातले काही दिवस दवाखान्यातल्या एका छोट्या खोलीत, बाकीचे गावोगावच्या अंगणवाडीत नाहीतर समाजमंदिरात. इथं ज्या बायांबद्दल सांगतेय त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. राग मात्र त्यांचाच आहे, आणि थोडा माझाही.

सुरुवातीला मी रागावर 'कार्यक्रम' घ्यायचे. रंगीत चार्ट होता माझ्याकडे. राग आला की डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मनात दहापर्यंत आकडे मोजा. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात वीस-बावीस बाया समोर बसल्या होत्या. मी डोळे मिटून दाखवले, श्वास घेऊन दाखवला. मागून एकजण म्हणाली, "दहा मोजेपर्यंत दूध उतू जाते ना ताई!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण परतताना एसटीत ते वाक्य डोक्यातून जाईना. ती माझी थट्टा करत नव्हती. तिच्या संध्याकाळी दहा आकड्यांची जागाच नाही, एवढंच ती सांगत होती.

पुढच्या महिन्यात त्याच गावात मी चार्ट उघडलाच नाही. नुसतं विचारलं, "राग कशानं येतो?" उत्तरं ठरलेली आली: पोरं ऐकत नाहीत, नवरा ऐकत नाही, सासू बोलते. मग एक वयस्कर बाई सहज बोलून गेली, "सकाळी कुठं येते राग? तो येते सांजच्यालेच." मी चार्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठं घड्याळ काढलं. बऱ्याचजणींना लिहिणं जड जायचं. तेव्हा एकीनं पाकिटातून टिकल्यांचं पान काढलं आणि पाचाच्या आकड्यावर एक टिकली चिकटवली. पान हातोहात फिरलं. गोल टिकली दिवसाची, लांबट टिकली रात्रीची, हेही त्यांनीच ठरवलं. अर्ध्या तासात माझं घड्याळ देवीच्या कपाळासारखं झालं, आणि सगळं कुंकू एकाच बाजूला. पाच ते आठ.

त्या दिवसापासून मी 'राग का येतो' हा प्रश्न सोडून दिला. 'का' विचारलं की बाई स्वतःलाच दोष देते: माहा स्वभावच असा, माही माय अशीच होती. 'किती वाजता' विचारलं की ती दिवस सांगायला लागते.

आणि दिवस कसा असतो? कापूस वेचणीचा हंगाम धरा, दसऱ्यापासून पुढचे तीन-चार महिने. पहाटे उठून स्वयंपाक, पोरांची शाळा, शिदोरी बांधून नऊपर्यंत वावरात. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे थांबलं की पैसे थांबले. वावरात आडोसा नाही म्हणून पाणी मोजून प्यायचं. संध्याकाळी माप होतं, त्याला उशीर होतो. घरी येईपर्यंत साडेपाच. नळ त्याच वेळी येणार, अर्धा-पाऊण तास. चूल पेटायची आहे, गाय हंबरते आहे, धाकटं पायाला लोंबकळतं आहे, मोठ्याला बाईंनी वहीत लाल शेरा दिला आहे. दुपारी बारानंतर तिच्या पोटात काही नाही, आणि घोटभर पाण्यावर दिवस काढल्यानं डोकं ठणकतं आहे. अशा वेळी पोरानं वाटी उलटवली तर जी चापट बसते ती वाटीसाठी बसते का?

म्हणून मन उघडायच्या आधी मी पाण्याच्या बाटलीची चौकशी करायला लागले. मग रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं की धाप लागते, थकवा येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. चिडचिड होते हे कुणी सांगत नाही. आलुबोंडावाल्या मुलाच्या आईचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. बाळंतपणानंतर कुणाकुणाची थायरॉईड ग्रंथी बिघडते, तीही बाईला 'तिरसट' करून टाकते. तपासणी न करता कुणाच्या स्वभावावर बोलायचं नाही, हा नियम मी तेव्हा घालून घेतला.

शास्त्रानंही या रागाकडे जरा काणाडोळाच केला आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला जगभर वापरतात ती एडिनबरा प्रश्नावली 1987 सालची. दहा प्रश्न: हसू येतं का, रडू येतं का, भीती वाटते का, कामं अंगावर येतात का. नैराश्यासाठी आम्ही वापरतो त्या पीएचक्यू-9 मध्ये नऊ प्रश्न. दोन्हींत मिळून रागाबद्दल एकही प्रश्न नाही. आमच्या बाया मात्र उदास आहे असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "जीव कावला." म्हणतात, "डोक्स्यात नुसता कालवा हाये." म्हणतात, "मी बह्याड तर नाई ना होऊन राहिली?" खाली नैराश्य असतं, वर येतो तो भडका. रडणाऱ्या बाईला शेजारीण जवळ घेते, भडकणाऱ्या बाईला कुणी घेत नाही.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बाया नैराश्यात सापडल्या होत्या. गरिबी, नवऱ्याशी धड नसलेले संबंध आणि मुलगी होणं, ही त्यामागची मोठी कारणं. आपल्याकडे आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन घेते, तापमान घेते. मी ज्या आशाताईंना भेटते त्यांना एकच जादा प्रश्न शिकवला आहे: "बाळ झोपलं की तुले झोप लागते का?" बाळ रडतं म्हणून जागी राहणारी बाई थकलेली असते. बाळ झोपल्यावरही छताकडे बघत पडणारी बाई आजारी असू शकते. या एका प्रश्नानं माझ्याकडे बऱ्याचजणी आल्या.

शेतकरी आत्महत्या झालेल्या 14 जिल्ह्यांसाठी राज्य सरकारनं 2015 मध्ये मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात वर्धा आहे. त्यामुळे खेड्यात मनाच्या आजाराबद्दल बोलणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. पण 'शेतकरी' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पुरुष येतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत वावरात वाकलेली बाई कागदावर 'गृहिणी' असते. गावातल्याच माणसांनी हे काम करता येतं हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यानं दाखवून दिलं. तिथल्या 30 गावांत राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी चालवलेल्या 'विश्राम' उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक मदत घ्यायचे, ते प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. हे आकडे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांचा गाभा अवघड नव्हता. माणसाचं ऐकून घ्यायचं, अडचणीचे तुकडे करायचे, आणि दिवसात जीवाला बरं वाटेल अशी एखादी गोष्ट ठरवून घालायची.

आलुबोंडावाल्या मुलाच्या आईबरोबर मी तेच केलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा भेटी ठरल्या. तिच्या घड्याळावर टिकल्यांची गर्दी साडेपाच ते सात. त्यात पंधरा मिनिटं कुठून काढायची? वावरातून आल्यावर लगेच घरात शिरायचं नाही, ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, मग चूल, असं आम्ही ठरवलं. वाचायला किती सोपं आहे! पण तो चहा करणार कोण, तेवढ्या वेळात नळाचं पाणी भरणार कोण आणि पोराला सांभाळणार कोण? बाईला एकटीला शांत करणारा उपचार तिथं संपतो.

म्हणून चौथ्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला, पोलीस ठाण्यात आल्यासारखा. मी त्याला बायकोबद्दल काही विचारलं नाही. घड्याळ पुढं केलं आणि म्हटलं, "भाऊ, तुम्हाला राग कधी येतो?" बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. मग दुपारी दोनवर बोट ठेवलं. "काट्यावर. कापसात ओल हाये म्हणते व्यापारी, आन कटती मारते. त्याले काही बोलता येत नाही."

त्याला बोलता येत नाही म्हणून तो घरी येऊन बोलतो. तिला त्याला उलट बोलता येत नाही म्हणून ती पोराला बोलते. पोरगं कुणाला बोलणार? ते कोंबडीला दगड मारतं. राग पाण्यासारखा उताराकडे जातो, आणि घरातली सगळ्यात खोल जागा म्हणजे लेकरू. हे मी चित्र काढून समजावलं नाही. त्यालाच ते दिसलं. नळाचं पाणी आपण भरतो असं तो जाताना म्हणाला, तेही बायकोकडे न बघता.

सगळे नवरे असे नसतात. काही घरांत बाईचा राग हा आजार नसून मार खाण्याला दिलेलं उत्तर असतं. तिथं मी घड्याळ बाजूला ठेवते आणि 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर, हे बोलते. मुकाट मार खायला शिकवणं म्हणजे उपचार नव्हे.

आत्याबाईंचं, म्हणजे सासूचं, काय? आलुबोंडावाल्या मुलाच्या घरी मी गेले तेव्हा म्हातारी खाटेवर बसून तूर निवडत होती. "आमच्या टायमाले नव्हते बाप्पा हे असे राग. चार लेकरं वाढवले म्या." मी वाद घातला नाही. सुनेचं घड्याळ दाखवलं, टिकल्यांचा खेळ सांगितला. तिनं सुपातला तुरीचा एक दाणा उचलला. तिच्या कपाळाला टिकली नव्हती, नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. तो दाणा तिनं घड्याळावर दोनच्या आकड्यावर ठेवला. "रातचे. सारे झोपले की." एवढंच. मग दाणा परत सुपात टाकला आणि निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा मीच मांडून ठेवीन तिचा. पोट्टंही पाहीन."

सेवाग्राम इथून जवळ. एकदा आमच्या गटातल्या बाया बापू कुटी बघून आल्या. पुढच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, बापूले राग येतच नसन काय?" मी म्हटलं, येत होता, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. डरबनच्या घरातला आत्मकथेतला प्रसंग सांगितला. घरी राहणाऱ्या कारकुनाचं मूत्रपात्र बांनी, म्हणजे कस्तुरबांनी, उचलावं, तेही हसतमुखानं, असा गांधीजींचा हट्ट. शब्दाला शब्द वाढला आणि त्यांनी बांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. खोली चिडीचूप झाली. मग कोपऱ्यातून प्रश्न आला, "आन बाले? बाले नसन आला राग?" आला होता. भांडं घेऊन पायऱ्या उतरताना बांचे डोळे रागानं लाल झाले होते, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. पण ही नोंद नवऱ्याच्या पुस्तकात आहे. बांनी आपल्या रागाचं काय केलं ते कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी बाया खूप वेळ बोलल्या.

आता माझं. त्याच हिवाळ्यातली गोष्ट. दोन गावं करून मी साडेसहाला घरी पोचले. मुलगी दुसरीत होती. पाढे लिहायचे होते, तिनं वहीच्या पानाची होडी केली होती. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मोठ्यानं. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि ते मला जास्त लागलं. दुपारी ज्या तोंडानं मी बायांना सांगत होते, त्याच तोंडानं मी तिला 'अक्कल नाही का' म्हटलं होतं. रात्री स्वतःचं घड्याळ काढलं. साडेसहा. दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. त्या एका चौकटीत माझ्यात आणि वेचणीवाल्या बायांत फरक एवढाच होता की माझ्या घरी नळाला चोवीस तास पाणी होतं.

हे त्यांना सांगावं की नाही, आठवडाभर ठरेना. प्रशिक्षणात शिकवतात, स्वतःचं मधे आणायचं नाही. तरी सांगितलं. मला वाटलं होतं, मान खाली जाईल. एकीनं फक्त विचारलं, "मंग काय केलं तिच्यासाठी?"

मी म्हटलं, माफी मागितली. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. लेकराची माफी? तोंडानं? त्यांच्याकडे तशी पद्धत नव्हती. मग काय करता, विचारलं. एकजण म्हणाली, "मलिदा करून देतो." गरम पोळी कुस्करायची, तूप-गूळ घालायचा, मुटका वळून हातावर ठेवायचा. दुसरी म्हणाली, डोक्याला तेल लावून देतो. तिसरी म्हणाली, रात्री झोपल्यावर गालावरून हात फिरवतो, पण त्याला कळत नाही. यावर पहिली पटकन म्हणाली, "मंग जागा असताना फिरव ना!"

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकापासून आया आणि तान्ह्या बाळांचं निरीक्षण केलं. आई आणि बाळाचा सूर सारखा तुटत असतो, चांगल्या आयांचाही. बाळ तरतं ते तुटलेला सूर पुन्हा जुळतो म्हणून. हे मी वाचलं होतं, शिकवलंही होतं. पण जुळवायचं कसं, तर जागेपणी, हे त्या समाजमंदिरात कळलं. आता आम्ही दोन्ही करायला सांगतो: मलिदा द्या, आणि देताना म्हणा, "चूक तुही नव्हती." शेवटचे तीन शब्द बायांना फार जड जातात. त्या शब्दांचा अक्षरशः सराव करावा लागतो.

सगळ्याजणी बऱ्या होत नाहीत. देवळीकडची एक तरुण बाई दोनदा आली. तिच्या घड्याळावर बाराही आकड्यांवर टिकल्या होत्या, गोल आणि लांबट दोन्ही. पोराला विहिरीत टाकावंसं वाटतं, असं ती म्हणाली तेव्हा मी त्याच दिवशी तिला मानसोपचार डॉक्टरांसमोर नेलं. असा विचार बोलून दाखवणारी बाई राक्षसीण नसते, ती हाक मारत असते. आणि अशा वेळी टिकल्यांचा खेळ पुरत नाही, औषध लागतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी तिच्या चपलेच्या डब्यावर लिहून दिला, कारण फोन नवऱ्याकडे असायचा. तिसऱ्या भेटीला ती आली नाही. आशाताई घरी गेली, कुलूप होतं. कामासाठी बाहेरगावी गेले, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं. तिच्या औषधाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

आलुबोंडावाल्या मुलाची आई सहाव्या भेटीला आली तेव्हा जानेवारी संपत आला होता. तिनं नवा कागद मागितला आणि स्वतःच टिकल्या लावल्या. साडेपाचवर एकही नाही. सातवर दोन, कारण नवरा पाणी भरतो पण बादल्या दारातच ठेवतो. रात्री दहावर एक लांबट, नवीन. डोकं अजून दुखतं, पण रोज नाही. पोराला दिवाळीपासून दोनदा मारलं, तिनं बोटांवर मोजून सांगितलं. राग गेला का, हे मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "येते ना ताई. पण आता येताना दिसते."

अजून काही बोलेल म्हणून मी शेवटची दहा मिनिटं नेहमीसारखी मोकळी ठेवली होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. पोराच्या पायात चप्पल चढवली, कागदाची घडी ब्लाऊजमध्ये खोचली आणि उठली. साडेतीनची एसटी चुकली असती तर घरी पोचायला साडेसहा झाले असते.